डीमॉझमध्ये नाव कसं लावायचं?

प्रश्न : आम्ही उस्मानाबादी शेळ्या पाळतो. पोराने वेबसाइट केली. एक जण म्हणतो, पैसे द्या, डीमॉझ नावाच्या सूचीत नाव लावून देतो. द्यावेत का?
– एक शेळीपालक, कळंब (जि. धाराशिव)

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. डीमॉझ ही वेबसाइटांची सूची 1998 साली सुरू झाली आणि 17 मार्च 2017 रोजी बंद पडली. बंद दुकानात माल लावून देणारा भेटलाय तुम्हाला! तिचा वारसा आता कर्ली ही सूची चालवते. तिथले संपादक बिनपगारी स्वयंसेवक आहेत आणि नोंद फुकट असते.

कर्लीत अर्ज करताना विभाग मात्र नेमका निवडा. चुकीच्या विभागात गेलेला अर्ज रेंगाळतो. वर्णन जाहिरातीसारखं नको. ‘मराठवाड्यात एक नंबर’ वगैरे संपादक खोडतातच. ‘कळंब तालुक्यातील उस्मानाबादी शेळीपालन, पैदाशीच्या बोकडांची व करडांची माहिती’ एवढं पुरे. 2023 मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, पण शेळीची जात उस्मानाबादीच राहिली. म्हणून वेबसाइटवर दोन्ही नावं असू द्या. लोक दोन्ही शोधतात.

अर्ज एकदाच करा, रोज आठवण करू नका. कधी महिनोन्‌महिने लागतात, कधी नोंद होतच नाही. खरं सांगायचं तर, गिऱ्हाईक हल्ली सूची चाळत नाही, मोबाइलवर नकाशा बघतं. गुगलच्या नकाशावर गोठ्याची जागा, फोन आणि चार चांगले फोटो आधी टाका. तेही फुकटच आहे.