गुडघेबदलानंतरची तपासणी घोटीतूनच?

प्रश्न : आईचा गुडघा नाशिकला बदलला. घोटीहून दर वेळी नेणं तिला झेपत नाही. व्हिडिओ कॉलवर तपासणी चालेल का?

उत्तर : बऱ्याच अंशी चालेल. मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी अशा सल्ल्याला देशात रीतसर मान्यता दिली आहे. गुडघा किती वाकतो, पूर्ण सरळ होतो का, चाल कशी आहे, जखम कोरडी आहे का, हे कॅमेऱ्यात दिसतं. व्यायामातली चूकही तिथेच सुधारता येते. हात लावल्याशिवाय कसं कळणार, ही शंका रास्तच आहे. टाके काढायला आणि एक्स-रेला बाहेर पडावंच लागेल, पण एक्स-रे जवळपास काढून पाठवता येतो. ताप, जखमेतून स्राव, पोटरी सुजून दुखणं ही जंतुसंसर्गाची किंवा रक्ताच्या गुठळीची लक्षणं असू शकतात. तेव्हा कॉलची वाट न पाहता रुग्णालय गाठा. दम लागला, छातीत दुखलं, तर लगेच १०८ला फोन करा.