हुंडणावळ आणि वऱ्हाडचा कापूस

एका देशाचे नाणे दुसऱ्या देशाच्या नाण्यात कोणत्या दराने बदलले जाते, हा प्रश्न पेढीवाल्यांचा आणि अर्थखात्याचा मानला जातो. अमरावती-अकोल्याच्या कास्तकाराशी त्याचा संबंध सहसा जोडला जात नाही. प्रत्यक्षात वऱ्हाडचा कापूस परदेशी जाऊ लागल्यापासून हुंडणावळीच्या दराने या भागाच्या संसारात अनेकदा हात घातला आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या रुईला परदेशातून मोठी मागणी आली. लिव्हरपूलच्या बाजारात हा माल ‘ऊमरा’ या नावाने ओळखला जाई. हे नाव उमरावतीचे, म्हणजेच अमरावतीचे, लघुरूप होय.

लिव्हरपूलचा भाव पेन्समध्ये निघे. कास्तकाराच्या हाती मात्र रुपये पडत. या दोहोंमधील दुवा म्हणजे हुंडणावळ. १८७३ पूर्वी रुपयाची किंमत सुमारे दोन शिलिंग होती. जर्मनी आदी देशांनी सुवर्णचलन स्वीकारल्यावर चांदी उतरली, आणि चांदीचा रुपयाही तिच्याबरोबर घसरला. सोन्याच्या हिशेबाने कापूस स्वस्त होत असतानाही रुपयातील भाव त्यामुळे बराच टिकून राहिला. सरकारची अडचण याच्या नेमकी उलट होती. विलायतेत पाठवावयाच्या रकमा पौंडात द्याव्या लागत आणि त्यासाठी दरवर्षी अधिक रुपये मोजावे लागत. अखेर २६ जून १८९३ रोजी टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीस बंद करण्यात आल्या आणि १८९९ पर्यंत १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे पौंडास १५ रुपये, हा दर कायम झाला.

त्या काळी वऱ्हाडच्या सरहद्दीवर आणखी एक हुंडणावळ चाले. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे होता, मात्र मालकी निजामाचीच राहिली. त्यामुळे वाशिमकडच्या माणसाने पैनगंगा ओलांडली की कलदार रुपयाऐवजी हाली सिक्का व्यवहारात येई. पुढे १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, असा दर रूढ झाला. म्हणजे सहा कलदारांस सात हाली. हैदराबाद संस्थानाचे विलीनीकरण झाल्यावरही काही वर्षे हाच हिशेब चालला. हाली सिक्क्याचे चलन १९५९ मध्ये कायमचे बंद झाले.

खरा वाद माजला तो पहिल्या महायुद्धानंतर. चांदी महागल्याने रुपया एकाएकी वधारला. १९२० मध्ये सरकारने दोन शिलिंगांचा दर टिकविण्याचा प्रयत्न केला, पण तो फसला. त्यानंतर हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये १ शिलिंग ६ पेन्स हा दर सुचविला. सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून १ शिलिंग ४ पेन्सचाच आग्रह धरला. दोन पेन्सचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. समजा, एका मालाचे परदेशात २० पौंड आले. जुन्या दराने त्याचे ३०० रुपये होत. नव्या दराने २६६ रुपये १० आणे ८ पै. एक-नवमांश रक्कम वाटेतच नाहीशी झाली! वऱ्हाडात रयतवारी पद्धतीने सारा तीस-तीस वर्षांसाठी रुपयांत ठरलेला असे आणि सावकाराचे देणेही रुपयांतच. उत्पन्न घटले तरी ही दोन्ही देणी तसूभरही हलत नसत.

दुसरी बाजूही होती. किमती आणि मजुरी नव्या दराशी आधीच जुळल्या आहेत, असे आयोगातील बहुमताचे म्हणणे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ च्या आपल्या ग्रंथात वेगळेच मर्म दाखविले होते. रुपया घसरला की व्यापारास होणारा लाभ वस्तुतः मजुराच्या खिशातून येतो, कारण महागाईच्या मानाने मजुरी मागे राहते. कापूस वेचणाऱ्या बाईच्या दृष्टीने पाहता हा मुद्दा झटकून टाकण्याजोगा नव्हता. १९२७ मध्ये नवा दर कायद्याने आला. दोनच वर्षांनी जागतिक मंदीस आरंभ होऊन कापसाचे भाव कोसळले. १९३१ मध्ये जपानी येन सुवर्णापासून सुटून घसरला आणि स्वस्त जपानी कापड येऊ लागले. हिंदुस्थान सरकारने जकात वाढविताच जपानने १९३३ मध्ये येथील कापसावर बहिष्कार घातला. १९३४ च्या करारानंतरच हा मार्ग पुन्हा मोकळा झाला.

१ शिलिंग ६ पेन्सचा दर स्वातंत्र्यानंतरही टिकला. १९४९ मध्ये पौंडाबरोबर रुपयाचेही अवमूल्यन झाल्याने त्या दोहोंतील नाते बदलले नाही. ६ जून १९६६ रोजी मात्र डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर आणि पौंड २१ रुपयांवर गेला. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आल्यामुळे पुढील अनेक वर्षे कास्तकार आणि परदेशी बाजार यांच्यामध्ये शासनाचा हमीभाव उभा राहिला. जुलै १९९१ चे अवमूल्यन, १९९३ पासूनचा बाजारनिश्चित दर आणि पुढे एकाधिकाराची समाप्ती, यांमुळे जुना दुवा पुन्हा उघडा पडला.

आता भाव न्यूयॉर्कला निघतो, पौंड वजनास सेंटमध्ये. खंडी ७८४ पौंड वजनाची, म्हणजे सुमारे ३५६ किलोची. भाव ८० सेंट धरला तर खंडीचे ६२७ डॉलर होतात. डॉलर एका रुपयाने महागल्यास खंडीमागे ६२७ रुपयांचा फरक पडतो. कापसातून साधारण एक-तृतीयांश रुई निघते, हे लक्षात घेता क्विंटलमागे हा फरक साठ रुपयांच्या आसपास येतो. तो सगळा कास्तकारापर्यंत पोहोचतोच असे नाही. जिनिंगचा खर्च, सरकीचा भाव आणि देशातील गिरण्यांची मागणी मध्ये असते. शिवाय त्याच महागलेल्या डॉलरने पोटॅश आयात होते, आणि त्याचे पैसे कास्तकारास कापूस विकण्यापूर्वीच द्यावे लागतात.