सर्वोची जोडणी आणि तिचा भरवसा

रायपूरच्या रेल्वेस्थानकापलीकडे पसरलेली गुढियारी ही दाट वस्ती आहे. दूरनियंत्रित विमानप्रतिकृती उडविण्यास तेथे वाव नाही. त्यासाठी विमानतळाच्या निषिद्ध क्षेत्रापासून दूर, मोकळे माळरान गाठावे लागते. मात्र विमान सुखरूप परतेल की कोणाच्या डोक्यावर कोसळेल, याचा निर्णय पुष्कळदा घरातील टेबलावरच झालेला असतो. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत विमानप्रतिकृतींचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याने ही गोष्ट आरंभीच ध्यानी घ्यावी.

१९३७ साली अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या बंधूंनी बिनतारी संदेशाने प्रतिकृती उडविली. त्या काळी पिळलेल्या रबराच्या जोरावर सुकाणू एकदम पूर्ण वळविणाऱ्या साध्या यंत्रणा प्रचलित होत्या. हवे तेवढेच वळण देणे सर्वोमुळे शक्य झाले. सर्वोमध्ये छोटी मोटर, दातेरी चक्रे आणि दांड्याची स्थिती सांगणारा बदलता रोधक असतो. ग्राहकयंत्राकडून सेकंदाला सुमारे ५० विद्युत्स्पंद येतात. स्पंद सुमारे १.५ मिलिसेकंदांचा असला की दांडा मध्यावर राहतो; तो १ किंवा २ मिलिसेकंदांकडे सरकला की दांडा एका बाजूस वळतो.

म्हणूनच भुजा बसविण्यापूर्वी यंत्रणा चालू करून सर्वो मध्यावर आणावा, आणि मगच भुजा जोडसळईशी काटकोनात बसवावी. उरलेली किरकोळ चूक सळईची लांबी बदलून काढावी. प्रेषकावरील बटणांनी ती झाकण्याचा मोह अनेकांना होतो. पण त्याने एका बाजूची हालचाल कमी पडते.

सळई कोणत्या छिद्रात अडकवावी, यावर बरेच काही अवलंबून असते. ९ ग्रॅम वजनाच्या सामान्य सर्वोची ताकद १.८ किलोग्रॅम-सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे केंद्रापासून १ सेंटिमीटरवर तो १.८ किलो ओढतो, तर २ सेंटिमीटरवर केवळ ०.९ किलो. यास्तव सर्वोकडे आतले आणि सुकाणूकडे बाहेरचे छिद्र घ्यावे. शिवाय सांध्यातील ढिलाईचा परिणाम त्यामुळे घटतो. ढिलाई राहिली, तर वेगात पृष्ठभाग फडफडू लागतो आणि क्षणार्धात शेपूट निखळू शकते.

विश्रांतीच्या स्थितीतही सर्वो गुणगुणत असेल, तर सळई कोठेतरी अडते आहे असे समजावे. अडलेली मोटर भरमसाट विद्युत्प्रवाह खेचते. त्यामुळे ग्राहकयंत्राचा दाब घसरून सारेच नियंत्रण जाण्याचा संभव असतो. उन्हाळ्यात रायपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि बंद मोटारीत ठेवलेल्या प्रतिकृतीतील गरम करून लावलेला गोंद मऊ पडतो. तेथे स्क्रूच बरे. इंजिनाच्या प्रतिकृतीत कंपनांपासून बचावासाठी रबरी गुटके घालावेत आणि त्यांतील पितळी नळीचा रुंद काठ लाकडाकडे ठेवावा. उलट बसविल्यास तो काठ रबरात रुततो.

उड्डाणापूर्वी दांडी उजवीकडे नेल्यावर उजव्या पंखाची झडप वर जाते की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. दुरुस्तीनंतर ही दिशा उलटी राहून जाणे ही अनुभवी माणसाच्याही हातून होणारी चूक आहे. एकदा आपटलेल्या विमानातील सर्वो बाहेरून धड दिसला, तरी त्याची चक्रे उघडून दाते तपासल्याखेरीज तो पुन्हा उच्चालकाला जोडू नये.