मेघांचा मागोवा

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर सह्याद्रीची उंच भिंत उभी आहे. तिच्या पायथ्याशी शहापूर व मुरबाड हे दोन तालुके पसरले आहेत. एकीकडे माहुलीचे सुळके, तर दुसरीकडे माळशेजचे कडे. पावसाळ्यात येथे विपुल पाऊस पडतो. मुंबईची तहान भागविणारी तानसा, मोडकसागर व भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातच आहेत.

पाऊस हा येथील भातशेतीचा प्राण होय. परंतु हाच पाऊस अवेळी आला, तर तो वैऱ्यासारखा वागतो. ऑक्टोबर महिन्यात भात कापणीस येते. कापलेले भात वाळावे म्हणून शेतात पसरून ठेवलेले असते. सकाळी आकाश निरभ्र असते. दुपारी मात्र सह्याद्रीच्या माथ्यावर काळे ढग जमतात, पूर्वेचा वारा सुटतो आणि विजांच्या कडकडाटासह सरी कोसळतात. चार महिन्यांची मेहनत तासाभरात भिजून जाते. भिजलेल्या दाण्याला मोड येतात, पेंढा कुजतो. आणि उघड्या शेतात सापडलेल्या माणसाच्या जिवावर बेतते.

असे वादळ येणार हे आधी कसे समजावे? पूर्वीची माणसे वाऱ्याची दिशा पाहत, ढगांचा रंग न्याहाळत, मुंग्यांची लगबग लक्षात घेत. हे निरीक्षण टाकाऊ नव्हे. पण डोंगराआड काय चालले आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. शिवाय पाऊस सर्वत्र सारखा पडत नाही. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेथून सुमारे २२ किलोमीटरांवरील कुलाब्यास मात्र १०० मिलिमीटरही झाला नाही. एकाच शहरात एवढे अंतर! म्हणून ‘आज जिल्ह्यात पाऊस पडेल’ एवढे कळून शेतकऱ्याचे भागत नाही. ‘माझ्या शिवारात केव्हा पडेल?’ हा त्याचा खरा प्रश्न असतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास रडार नावाचे यंत्र साहाय्य करते. वटवाघूळ अंधारात सूक्ष्म ध्वनी काढते व त्याचा प्रतिध्वनी ऐकून समोरचा अडथळा ओळखते. रडारचे कार्य असेच चालते; फरक इतकाच, की ते ध्वनीऐवजी रेडिओलहरी सोडते. या लहरी एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. वाटेत पावसाचे थेंब लागले, की त्यांवर आदळून लहरींचा अल्प अंश परत येतो. तो येण्यास किती वेळ लागला, यावरून पावसाचे अंतर कळते. तो किती प्रबळ आहे, यावरून पावसाचा जोर कळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी शत्रूची विमाने शोधताना रडारच्या पडद्यावर पावसाचे ठिपके उमटत. सैनिकांना ती अडचण वाटे. हवामानशास्त्रज्ञांनी मात्र तिचा उपयोग करून घेतला.

पुढे या यंत्रास आणखी एक शक्ती लाभली. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी उंच स्वरात ऐकू येते आणि गाडी दूर जाऊ लागताच तिचा स्वर उतरतो. या परिणामाचे तत्त्व ऑस्ट्रियातील शास्त्रज्ञ क्रिस्तियान डॉप्लर याने १८४२ साली मांडले. त्याच तत्त्वाने पावसाचे थेंब रडारकडे येत आहेत की दूर जात आहेत, हेही कळते. २००५ साली मुंबईत असे डॉप्लर रडार नव्हते. नंतर कुलाब्यास ते उभारण्यात आले, आणि २०२२ साली जोगेश्वरीजवळ वेरावली येथे दुसरे सुरू झाले. शहापूर व मुरबाड ही गावे वेरावलीपासून सरळ रेषेत सुमारे ६० किलोमीटरांवर आहेत. एवढे अंतर जाऊन परत येण्यास रेडिओलहरीला सेकंदाचा अडीच हजारावा भागच पुरतो!

रडारची चित्रे भारतीय हवामानशास्त्र विभाग सर्वांसाठी खुली ठेवतो. ती घरच्या मोबाइलवरही पाहता येतात. आता एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. मुरबाड तालुक्यातील एका शेतात भात कापून पसरले आहे. दुपारी दोन वाजता घरातील मुलगी रडारचे चित्र पाहते. माळशेज घाटावर एक तांबडा डाग दिसतो. तांबडा रंग म्हणजे जोराचा पाऊस. दहा मिनिटांनी ती नवे चित्र पाहते. डाग पश्चिमेस ५ किलोमीटर सरकलेला असतो. म्हणजे त्याचा वेग ताशी ३० किलोमीटर झाला. शेत अजून २० किलोमीटर दूर आहे.

“बाबा, चाळीस मिनिटांत पाऊस येईल!” ती सांगते.

“मग आपण पंचवीसच मिनिटे काम करू,” वडील म्हणतात. “ढग काही आगगाडी नव्हे, वेळापत्रक पाळायला. वीज तर पावसाच्याही आधी पडते.”

सारे कुटुंब कामाला लागते. वाळलेल्या भाताचे भारे बांधून, रचून ते ताडपत्रीने झाकतात. शेताचा एक कोपरा तसाच राहतो. मुलगी तिकडे धावू लागते, तोच ढगांचा दूरवर गडगडाट होतो. वडील तिला हाक मारून थांबवितात. “राहू दे, बाळ. भात पुढच्या वर्षीही पिकेल,” असे म्हणून ते सर्वांना घेऊन पक्क्या घरात जातात.

वडिलांचे वागणे शहाणपणाचे होते. रडारलाही मर्यादा आहेत. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचा झोत दूर जाता जाता जमिनीपासून उंच होत जातो. सह्याद्रीजवळ तो एक किलोमीटरहून अधिक उंचीवर असतो. त्याखालचा पाऊस त्याला दिसत नाही. पुढ्यातील चित्र काही मिनिटांपूर्वीचे असते, आणि तेवढ्यात नवा ढग डोक्यावरच तयार होऊ शकतो. म्हणून चित्र कोरे असले तरी गडगडाट ऐकू येताच शेत, पाणवठा व एकटे झाड सोडून पक्क्या घरात जावे. गडगडाट थांबल्यावरही अर्धा तास बाहेर पडू नये.

रडार पाऊस थांबवीत नाही. ते आपल्या हाती थोडासा वेळ देते. त्या वेळात काय वाचवावे आणि काय सोडून द्यावे, हे ठरविणे मात्र माणसाच्या विवेकाचे काम आहे.

स्वाध्याय

१. रडारला पावसाचे अंतर कसे कळते?
२. मुलीने पाऊस येण्याची वेळ कशी काढली?
३. वडिलांनी चाळीसऐवजी पंचवीस मिनिटेच काम करण्याचे का ठरविले?