टर्बो पाईप: ॲल्युमिनियम, एसएस आणि लोखंड एकमेकांना कसं जोडायचं, आणि त्याचे पैसे कसे लावायचे

व्हिडिओमध्ये हाताचं काम दाखवलं. पण 'असंच का' आणि 'बिल किती' हे दोन विषय राहिले होते, ते इथे लिहितो. ज्याला गॅरेजला जोडून फॅब्रिकेशनचं छोटं दुकान टाकायचंय, त्याने हे वाचून मगच मशीन घ्यावी.

टर्बो पाईप म्हटलं की रेसिंगच्या गाड्या डोळ्यासमोर येतात. आपल्या टेंभुर्णी-जाफ्राबाद पट्ट्यात तसं गिऱ्हाईक नाही. पण पिकअप, टेम्पो, जेसीबी, हार्वेस्टर, बोअरची गाडी, यातल्या बहुतेक डिझेल इंजिनांना आता टर्बो आहे. टर्बोतून निघालेली दाबाची हवा इंटरकूलरमध्ये जाते आणि थंड होऊन इंजिनात. मधला पाईप फुटला की गाडी ओढत नाही, काळा धूर टाकते, डिझेल जास्त खाते. भाड्याच्या गाडीवाल्याला कापसाच्या सीझनमध्ये दोन दिवस गाडी उभी ठेवणं परवडत नाही. कंपनीचा पाईप शहरातून येईपर्यंत तो तुमच्याकडे बनवायला येणार. हाच आपला धंदा.

अडचण कुठे येते? टर्बोची बाजू लोखंडाची, इंटरकूलर ॲल्युमिनियमचा, आणि मधे घालायला दुकानात पडलेला असतो एसएसचा पाईप. गिऱ्हाईक म्हणतं, "सगळं एकदाच वेल्डिंग करून टाका, परत निघायला नको." इथे नाही म्हणता आलं पाहिजे.

ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंश सेल्सिअसला. लोखंड वितळायला साधारण १५०० अंश लागतात. म्हणजे लोखंड अजून लालच होतंय तोवर ॲल्युमिनियम खाली टपकलेलं असतं. त्यात ॲल्युमिनियमवर जी ऑक्साइडची पातळ साय असते ती २००० अंशांच्या पुढे वितळते. कसंबसं दोन्ही एकत्र केलं तरी सांध्यात लोखंड-ॲल्युमिनियमचा जो मिश्र थर तयार होतो तो पापडासारखा ठिसूळ. टेबलावर सांधा छान दिसेल, गाडीच्या थरथरीत तडकेल. मोठ्या कारखान्यांत यासाठी घर्षणाने किंवा स्फोटाने जोडायच्या पद्धती आहेत, पण आर्गनच्या मशीनवर हे काम होत नाही. ज्याला एम-सील लावून भागवायचंय त्याला भागवू द्या, आपण आपलं नाव त्यावर लावायचं नाही.

मग करायचं काय? जरा गाडीखाली वाकून बघा. इंजिन माउंटिंगवर बसलेलं आहे, ते हलतं. इंटरकूलर बॉडीला घट्ट बांधलेला आहे, तो हलत नाही. म्हणजे मधे कुठेतरी लवचिक सांधा लागणारच, धातू एकच असला तरी. तर धातू तिथेच बदला! इंटरकूलरकडून ॲल्युमिनियम, टर्बोकडून लोखंड किंवा एसएस, आणि मधे सिलिकॉनचा होज. तापल्यावर एक मीटर लांबीचं ॲल्युमिनियम १०० अंशांच्या फरकाने साधारण २.३ मिलिमीटर वाढतं, लोखंड १.२, एसएस १.७. हा फरकही होजच पोटात घेतो.

होज बसवताना पाईपच्या टोकाला उंचवटा काढा, म्हणजे बीड. याचा हिशोब एकदा करून बघा. पाईप आतून ६३ मिलिमीटरचा असेल तर तोंडाचं क्षेत्रफळ साधारण ३१ चौरस सेंटिमीटर. दाब दीड बार धरला तर पाईप होजमधून बाहेर ढकलणारं वजन ४५ किलोच्या पुढे जातं. गुळगुळीत पाईपवर साध्या क्लॅम्पच्या भरवशावर हे टिकत नाही. बीड काढा आणि टी-बोल्टचा क्लॅम्प वापरा. बीडचं मशीन नसेल तर पाईपवर गोल फिरवून वेल्डिंगची बारीक रेघ मारा आणि घासून गोलसर करा, काम होतं.

पण हा होज फक्त थंड बाजूला, म्हणजे हवेच्या पाईपला. धुराच्या बाजूला, जिथे सहाशे-सातशे अंश तापमान जातं, तिथे होज नाही. तिथे फ्लँज, गॅस्केट आणि बोल्ट.

आता एसएस आणि लोखंड. ही जोडी आर्गनने मस्त जुळते, फक्त फिलर ३०९एल घ्या. बरेच जण एसएसचा नेहमीचा ३०८ वापरतात. लोखंड त्यात मिसळल्यावर क्रोम-निकेल पातळ होतं आणि सांधा तडकण्याची भीती राहते. ३०९ मध्ये ते मुळातच जास्त असतं. एसएस जोडताना पाईपच्या आतूनही आर्गन सोडा. नाहीतर आतल्या बाजूला काळी खरखरीत साखर जमते. ती साखर सुटली तर जाणार कुठे? सरळ इंजिनात. पाच हजारांच्या कामापायी गिऱ्हाइकाचं इंजिन घालवायचं का? म्हणूनच जीआय पाईपही या कामाला नको. जस्ताचा पापुद्रा आत सुटतो, आणि वेल्डिंग करताना जो पांढरा धूर निघतो त्याने वेल्डर तापाने फणफणतो.

ग्राइंडरची चकती आणि तारेचा ब्रश तिन्ही धातूंना वेगवेगळे ठेवा, वर रंगाने खूण करा. लोखंडावर फिरलेली चकती एसएसवर चालवली की पावसाळ्यात एसएसला गंजाचे ठिपके येतात आणि गिऱ्हाईक म्हणतं माल डुप्लिकेट दिला. ॲल्युमिनियमच्या फ्लँजला स्टीलचे बोल्ट लावले तर अँटी-सीझ पेस्ट लावा. पाणी आणि मीठ मिळालं की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

मशीनचं बोलू. एसएस आणि लोखंड डीसीवर होतं, ॲल्युमिनियमला एसी लागतो. एसी-डीसी मशीन साध्या डीसी मशीनपेक्षा बरीच महाग. माझं स्पष्ट मत आहे: सुरुवातीला डीसीच घ्या. ॲल्युमिनियमचा तुकडा ज्याच्याकडे एसी आहे त्याच्याकडून करून आणा, मजुरी बिलात लावा. महिन्याला आठ-दहा ॲल्युमिनियमची कामं यायला लागली की मग मोठ्या मशीनचा हप्ता.

बिलात सगळ्यात जास्त विसरला जातो तो गॅस. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर आर्गन असतो, म्हणजे ७००० लिटर. मिनिटाला १० लिटरने ७०० मिनिटं. आतूनही गॅस सोडला की वापर दुप्पट, सिलिंडर सहा तासांच्या आत रिकामा. हे एसएसच्या कामात धरलंच पाहिजे.

समजण्यापुरते आकडे घेऊ, तुम्ही तुमच्या गावचे भाव टाका. पाईप, बेंड, दोन होज, चार क्लॅम्प मिळून २१०० रुपये. गॅस-फिलर ३००. चार तास, तासाला २५० प्रमाणे १०००. झाले ३४००. यात १० टक्के, म्हणजे ३४० रुपये, 'परत आलेलं काम' म्हणून धरा. सांधा गळला तर दुरुस्ती फुकट करायची असते, तो पैसा कुठून येणार? झाले ३७४०. त्यावर २५ टक्के नफा ९३५. बिल ४६७५. शेजारचा वेल्डर दीड हजारात करतो म्हणणारा येईलच. त्याला होज आणि क्लॅम्प हातात देऊन दाखवा, भांडू नका.

गाडी देण्याआधी दोन्ही टोकं बंद करून हवा भरा आणि साबणाचं पाणी लावा. टोकाची बुचं क्लॅम्पने बांधा आणि त्यांच्यासमोर उभे राहू नका, मघाचे ४५ किलो आठवा. बुडबुडा नसलेला व्हिडिओ गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर पाठवून द्या.

एक कायद्याची गोष्ट. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून कंपनीच्या पाईपच्या जागी त्याच मापाचा, त्याच मार्गाचा पाईप बनवून द्या. नसलेला टर्बो बसवून द्या म्हणणारी पोरं येतील, त्यांना चहा पाजून परत पाठवा. बिलावर शब्दही तसेच लिहा: "फुटलेला इंटरकूलर पाईप बदलला, माप मूळप्रमाणे", आणि जुना पाईप गाडीतच ठेवून द्या.