निष्ठा ठेवायची कशावर?

वजन कमी करायला निघालेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो ‘मनावर घे’ हा. मी चांगलंच मनावर घेतलं होतं. ऑफिसात कुणाच्या निवृत्तीचा कंदी पेढा हातावर पडला, तर तो कागदात गुंडाळून शिपाईकाकांच्या नातवाला पाठवून द्यायचे. साताऱ्यात राहून पेढ्याला नाही म्हणणं काय असतं, ते सातारकरालाच विचारावं.

तेव्हा माझं वजन ऐंशीच्या पुढं गेलं होतं आणि जिना उतरताना गुडघे बोलायला लागले होते. पुतणीचं लग्न वैशाखात ठरलं, तशी मी वजन घटवून देणाऱ्या एका केंद्राचं पॅकेज घेतलं. सकाळी पावडर, दुपारी उकडलेल्या भाज्या, रात्री पुन्हा पावडर. पोळी, भात, डाळ, तेल, तूप बंद. सगळं मिळून दिवसाला ८०० कॅलरींच्या आसपास. मी नियम एकदाही मोडला नाही. हे कौतुक म्हणून सांगत नाहीये. पुढं जे झालं ते नियम पाळल्यामुळं झालं, म्हणून सांगते.

पहिल्या आठवड्यात काटा भराभर उतरला आणि केंद्रात माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. त्यातलं बरंचसं पाणी होतं, हे मला नंतर कळलं. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा ठेवतं, ग्लायकोजेन म्हणतात त्याला. त्याच्या दर ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं तोडलं की आधी हा साठा रिकामा होतो. खरी चरबी अशी घाईनं जात नाही. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोज ५०० कॅलरी कमी घेतल्या, तर आठवड्याला अर्धा किलोच्या आत-बाहेर उतरेल. त्यापेक्षा फार जास्त उतरत असेल, तर चरबीशिवाय आणखी काय जातंय ते विचारायला हवं.

दोनेक महिन्यांत कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. लग्नात मात्र जुनं पैठणीचं ब्लाउज उसवल्याशिवाय बसलं, सगळ्या जावांनी विचारलं, मी मिरवलं. मांडवातलं जेवण कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. दुसऱ्या रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की उताणं झोपवेना. कळ पाठीतून थेट खांद्याच्या पात्यापर्यंत जात होती. घरात ‘गॅस झालाय’ म्हणून ओवा झाला, हिंगाचं पाणी झालं. पहाटे उलट्या सुरू झाल्यावर दवाखाना गाठला. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले.

सर्जननी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी विचारलं, “ताई, एवढ्यात वजन उतरवलंत का?” मग त्यांनी समजावलं. चरबी वेगानं वितळायला लागली की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. त्यात जेवणात स्निग्ध पदार्थच नसले तर पित्ताशयाला आकुंचन पावायचं कारण उरत नाही. पित्त तिथंच साचून राहतं आणि त्यात खडे धरतात. बाई, वय चाळिशीपुढचं, वजन जास्त. धोका मला मुळातच होता. उपासमारीनं त्याला घाई केली. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगानं वजन उतरवणाऱ्यांत हा धोका वाढतो, हे वैद्यकात जुनं ज्ञान आहे. केंद्राच्या गुळगुळीत माहितीपत्रकात ते नव्हतं. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, पित्ताशय गेलं. घालवलेलं वजन वर्षभरात परतलं, वर थोडं व्याजही घेऊन आलं.

त्यालाही कारण आहे. अमेरिकेत वजन घटवण्याची एक गाजलेली टीव्ही स्पर्धा होती. तिच्यातल्या १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी करून संशोधकांनी २०१६ साली निष्कर्ष छापले. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं आणि बसल्याजागी शरीर जाळतं त्या कॅलरी अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० नं कमी झाल्या होत्या. शरीराला दुष्काळ पडलाय असं वाटलं की ते खर्चाला हात आखडता घेतं. त्या लोकांच्या निष्ठेबद्दल तर कुणी शंकाच घेऊ शकत नाही.

म्हणून ‘मनावर घे’ या सल्ल्यात मला आता अर्धीच गोष्ट दिसते. मनावर काय घ्यायचं? मी काटा घेतला होता. काटा आपल्या हातात नाही. मीठ जास्त झालं, पोट साफ झालं नाही, पाळी जवळ आली, की तो किलोभर इकडंतिकडं होतो. ताट आणि पाय मात्र आपल्या हातात आहेत. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. आहार आणि चालणं सुधारलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं, आणि गंमत म्हणजे त्यांचं वजन फारसं उतरलेलंच नव्हतं. काट्यावर निष्ठा ठेवणारा माणूस अशा वेळी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देतो.

आता स्वयंपाकघराकडं येते, कारण बायकांचं वजन बरंचसं तिथं ठरतं. रात्री सगळ्यांची पानं उचलल्यावर ओट्यापाशी उभं राहून काय काय पोटात जातं ते एकदा पाहा. मुलानं टाकलेली अर्धी पोळी, डब्यात न मावणारा भात, पातेल्याला लागलेली आमटी, तळाशी उरलेले दोन घास बासुंदी. आपण जेवलो होतो ते वेगळंच. हे खाणं कुठल्याच वहीत येत नाही. मी ते बंद करायला निघाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, अन्न टाकू नये.” मी म्हटलं, “आई, टाकत नाही, सकाळी थालीपिठात घालते.” त्यांनी दोन दिवस तोंड वाकडं केलं, मग स्वतःच झाकण शोधून द्यायला लागल्या. घरातला एकजण बाजूला पडला की हा बेत फार काळ टिकत नाही. आणि पुरुषांचं ‘डाएट’ तर नव्वद टक्के त्यांच्या बायकाच करतात, हे इथंच बोलून घेते.

तेलाचं गणित महिन्याच्या डब्यावरून करा, सोपं जातं. डॉक्टर साधारण माणशी अर्धा लिटर सांगतात. आमच्या चौघांत पाच लिटरचा डबा महिना पुरत नव्हता. चहाचंही तेच. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे नुसत्या साखरेच्या २०० कॅलरी, आणि त्या भूक भागवत नाहीत. श्रावणातले उपास तर विचारूच नका. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ३५० च्या आसपास कॅलरी असतात, प्रथिनं नावालाच, वर दाण्याचं कूट आणि तूप. देवासाठी करा, जरूर करा. वजनासाठी करताय असं मात्र समजू नका.

प्रथिनांवर मी आता हट्टानं लक्ष देते. किलोमागं रोज एक ग्रॅमच्या जवळपास. मटकीची उसळ, घट्ट वरण, दही, अंडं. उतरत्या वजनात स्नायू राखायचे तर हे हवं आणि जोडीला थोडं ओझं उचलणं हवं. जिमचा वेळ आणि पैसा नसेल तर पाण्यानं भरलेल्या दोन लिटरच्या बाटल्या चालतात, खुर्चीतून हात न टेकता उठबस चालते. पहाटे अजिंक्यतारा किल्ल्याच्या वाटेवर ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत जाणाऱ्यांत मी असते, पण गुडघे दुखतात त्यांनी चढाचा हट्ट न धरता सपाट रस्ता धरावा.

आणि कमरेचं माप घ्या. बायकांसाठी ८० सेंटिमीटर, पुरुषांसाठी ९० ही आपल्याकडची सावधगिरीची रेघ. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपला आणि आपल्या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३, अगदी सारखा. सहकाऱ्याच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. तेव्हा लग्नाकार्यात तुम्हाला उपदेश करणाऱ्या काटकुळ्या काकांनाही टेप लावून बघायला हरकत नाही.

सणावारी मी खाते. गणपतीत मोदक तुपासकट, दिवाळीत चकली. पूर्वी एक लाडू खाल्ला की ‘आता मोडलंच’ म्हणून डबाच संपायचा आणि पुन्हा सुरुवात येत्या सोमवारी. हा सोमवार फार लोकांना खातो. आता सोमवार नाही, पुढचं जेवण असतं आणि ते नेहमीचं असतं. वजन हळूहळू उतरलं, सत्तरच्या थोडं वर येऊन सध्या अडलंय. अडू दे. साखर काठावरून खाली आलीय, जिना उतरताना कठड्याला धरावं लागत नाही.

सुरुवात करणाऱ्यांनी थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन आधी तपासून घ्यावं. वजन उतरवताना उजव्या बाजूला कळ आली तर ओवा खात बसू नये. हल्ली आठवड्याला एक टोचायची इंजेक्शनं निघालीत. त्यांना मी नावं ठेवणार नाही, पण ती डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायची, कारण पित्ताशयाच्या खड्यांचा धोका तिथंही आहे. आणि कुठल्याही केंद्रात पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: आठवड्याला किती उतरवणार, प्रथिनं किती देणार, आणि पॅकेज संपल्यावर मी काय खायचं? आमच्या ऑफिसातल्या एकीनं हा तिसरा प्रश्न काउंटरवरच्या मुलीला विचारला. ती म्हणाली, “मॅडम, रिन्यूअलला डिस्काउंट आहे ना.”