रस्त्याखाली की रस्त्याखालून?

चिपळूण तालुक्यातील सावर्डे हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर असून, १९९८ साली संपूर्ण मार्गावर सुरू झालेल्या कोकण रेल्वेचे स्थानकही तेथे आहे. राज्याचा कारभार मराठीतून चालावा यासाठी १९६४ चा राजभाषा अधिनियम झाला. तथापि महामार्ग आणि रेल्वे या केंद्राच्या अखत्यारीतील बाबी असल्याने अशा गावांच्या कागदपत्रांत इंग्रजी वाक्ये येतातच.

'द पाइप रन्स अंडर द रोड' हे वाक्य घ्यावे. नळ रस्त्याखालून पलीकडे जातो, हा एक अर्थ. नळ रस्त्याखाली, त्याच्या लांबीनेच टाकलेला आहे, हा दुसरा. पहिल्या अर्थाने रस्ता एका ठिकाणी खोदावा लागेल, दुसऱ्या अर्थाने सबंध. अंदाजपत्रकात हा फरक लहान नव्हे. इंग्रजी व्याकरणाच्या दृष्टीने मात्र दोन्ही अर्थ निर्दोष आहेत.

याचे कारण असे की, 'अंडर', 'ओव्हर', 'बिहाइंड' ही शब्दयोगी अव्यये केवळ जागा सांगतात. तेथे असणे, तेथे जाऊन थांबणे की तेथून पार होणे, हे ती सांगत नाहीत. 'इन' आणि 'ऑन' यांना 'टू' जोडून 'इंटू', 'ऑंटू' अशी गतिवाचक रूपे झाली. 'अंडर'ला तसा जोडीदार मिळाला नाही. संस्कृतात 'ग्रामे वसति' आणि 'ग्रामं गच्छति' असा भेद विभक्तीच दाखविते. जुन्या इंग्रजीतही एकाच अव्ययाबरोबर नामाची विभक्ती बदलून स्थिती व गती वेगळी दाखविता येई. पुढे ते प्रत्यय झिजले आणि सारा भार क्रियापदावर व संदर्भावर पडला.

मराठीत 'खाली' आणि 'खालून', 'मागे' आणि 'मागून' अशा जोड्या असल्यामुळे मराठी विद्यार्थ्याला हा भेद उपजत कळतो. शिक्षकांनी 'अंडर म्हणजे खाली' एवढेच पाठ करून घेतले, तर हाती असलेले हे साधन वाया जाते. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. तेव्हा ही सवय फार लवकर लागण्याचा संभव आहे.

मराठीही सर्वस्वी निःसंदिग्ध आहे असे नाही. 'पुलाखालून होडी आली' या वाक्यात होडी पुलाखाली बांधलेली होती की पुलाखालून पार झाली, हे कळत नाही. 'शाळेत' हा शब्दही 'मुलगा शाळेत आहे' आणि 'मुलगा शाळेत गेला' या दोहोंना चालतो. पण तेथे क्रियापद घोटाळा होऊ देत नाही.

इंग्रजी मसुद्यात नळ रस्ता ओलांडत असेल, तर 'अंडर अँड अक्रॉस द रोड' असे लिहावे. नुसते 'अक्रॉस द रोड' लिहिल्यास 'रस्त्यापलीकडे' असाही अर्थ निघू शकतो. नळ लांबीने जात असेल तर 'अलाँग' हा शब्द घालावा आणि कोठून कोठपर्यंत, ते नकाशावर दाखवून त्याचा उल्लेख मसुद्यात करावा.